तुओमीवरची जाळी

३० मे

तुओमीचा, म्हणजे आमच्या रानचेरीचा, बहर ओसरला. कुंपणालगतच्या तिन्ही झाडांखाली पांढऱ्या पाकळ्यांचा नुसता सडा पडलाय. उरलेली फुलं तरी दिसावीत म्हणून हेल्वीची चाकाची खुर्ची सकाळीच खिडकीशी नेऊन ठेवली. ही झाडं तिनेच लावलेली, पैवी पोटात होती त्या वर्षी. मी तेव्हा म्हटलं होतं, सफरचंद लाव, निदान खायला मिळेल. तिने ऐकलं नाही.

मधल्या झाडाच्या फांद्यांच्या टोकांना पांढरट जाळी दिसली. कोळ्यांची असेल. हाताने ओढून टाकली.

एप्रिलमध्ये इस्पितळातून घरी पाठवताना डॉक्टर म्हणाले होते, उन्हाळाभर घरी ठेवून बघा, जमलं तर उत्तमच. हे "जमलं तर" मला तेव्हाही खटकलं. मी इसाल्मी नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात जन्म काढला. जमिनीखाली नळ कुठे फुटलाय ते वरून चालत जाऊन सांगायचो. मग घरातल्या एका माणसाला उठवणं, बसवणं, भरवणं न जमायला काय झालं?

जानेवारीतल्या झटक्यापासून तिचा उजवा हात आणि उजवा पाय हलत नाही. बोलणं गेलं. एकच शब्द शिल्लक आहे, "नको." कॉफी हवी का विचारलं तर नको म्हणते आणि कप रिकामा करते. खिडकी उघडू का, नको. मिटू का, नको. तेव्हा त्या शब्दाकडे फारसं लक्ष द्यायचं नाही, हे मी शिकलोय.

३ जून

कोळी नव्हेत. अळ्या आहेत. पिवळसर, अंगावर काळे ठिपके, एकेका जाळीत दाटीवाटीने भरलेल्या. आतल्या आत पानं खातात आणि पान संपलं की जाळी पुढच्या पानावर ओढून घेतात. तिन्ही झाडांवर आहेत.

शेजारची राकेल कुंपणावर कोपरं टेकवून माझी गंमत बघत होती. नवरा गेल्यापासून तिला दुसऱ्यांच्या घरात लक्ष घालायला भरपूर वेळ असतो. म्हणाली, दर काही वर्षांनी येतात, पानं फस्त करतात, निघून जातात, मग झाडाला पुन्हा पालवी फुटते.

"त्या तुला विचारून आल्या नाहीत रेइनो, आणि तू सांगितलंस म्हणून जाणारही नाहीत. आत जाऊन बायकोजवळ बस."

तिच्याकडे सगळी बर्चची झाडं. या अळ्या तुओमीशिवाय कशाला तोंड लावत नाहीत. तिला बोलायला काय जातंय? दुपारी दोन तास हेल्वीपाशी येऊन बसू का, तू जरा झोप, असंही म्हणाली. आमचं व्यवस्थित चाललंय, म्हटलं.

६ जून

आज पाण्याचा मारा केला. जुना पंप अजून उत्तम चालतो. पण ती जाळी म्हणजे काय चीज आहे! पाणी नुसतं ओघळून जातं, आतल्या अळ्या कोरड्याच्या कोरड्या. मग पाण्यात साबण मिसळला. थोड्या गळून पडल्या, आपापल्या तंतूला लोंबकळत राहिल्या आणि माझी पाठ वळताच परत वर चढल्या.

मी झाडापाशी असताना हेल्वी खिडकीतून डावा हात हलवत होती. मीही हलवला. ती हलवतच राहिली, काचेवर थापट्याही मारल्या. बरं वाटलं. फार दिवसांनी तिला एवढा हुरूप आला होता.

आत आलो तर खुर्ची ओली, कपडे ओले, खाली थारोळं. सगळं बदललं, पुसलं. थोडं आधी कळलं असतं तर वेळेवर नेलं असतं. पण ती बिचारी सांगणार कसं?

९ जून

आज जे केलं ते कुणाला सांगण्यासारखं नाही. घरातलं धूळ ओढायचं यंत्र लांब वायर लावून बाहेर नेलं आणि जाळ्या ओढायला लागलो. पहिली फांदी झकास साफ झाली. मग नळी तुंबली. मी टोकात डोळा घालून बघतोय, तोवर मागच्या बाजूने पिशवी फुटली आणि सगळा माल माझ्या अंगावर. केसांत, कॉलरमध्ये, चष्म्यावर. मी अंगणात नाचत होतो म्हणायला हरकत नाही.

आत आलो तेव्हा हेल्वीचे खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, घशातून विचित्र आवाज येत होता. घाबरली होती. किंवा झाडांची दशा बघून रडत असावी. मी तिचं तोंड पुसलं, म्हटलं, काळजी करू नकोस, मी हे निस्तरतो. त्यावर आवाज आणखीच वाढला. शेवटी खुर्ची फिरवून तिची पाठ खिडकीकडे केली. मग शांत झाली. फारच शांत झाली.

१० जून

बोलण्याचे धडे देणारी एलिना आली होती. चांगली मुलगी आहे, पण फार हळू बोलते, जणू झटका मलाच आलाय. तिच्याकडे चित्रांची पत्त्यांसारखी पानं आहेत. कप, पलंग, संडास, कोट, गाणारा पक्षी, घर. हेल्वीने बोटाने दाखवायचं.

आज हेल्वीने पलंगाचं पान उचललं आणि माझ्या दिशेने धरलं. पुन्हा धरलं. एलिना माझ्याकडे बघत म्हणाली, "त्यांना काय म्हणायचं असेल, वाटतं तुम्हाला?"

उघड होतं, ती दमली होती. धडा तिथेच थांबवला आणि तिला पलंगावर नेऊन झोपवलं. भर दुपारी. डोळे टक्क उघडे ठेवून छताकडे बघत पडली होती. "नको," म्हणाली, एकदाच, अगदी सावकाश.

जाताना एलिनाने मला विचारलं, झोप होते का, जेवता का नीट. मी तिला झाडं दाखवली. म्हटलं, याच्यावर काही उपाय माहीत आहे का? तिला नव्हता माहीत.

१३ जून

माझ्या बाहीला चिकटून एक अळी घरात आली असणार. मी बटाटे सोलत होतो. वळून बघतो तर ती हेल्वीच्या डाव्या हातावर. मनगटापासून बोटांकडे चालली होती. हेल्वी हात वळवून तिला वाट देत होती, टोकाला पोचली की पुन्हा हात उलटा करायची. तिच्या चेहऱ्याकडे बघण्याइतका वेळ नव्हता. मी झडप घालून अळी उचलली आणि चिरडून टाकली.

"नको!" हेल्वी ओरडली, तेव्हा अळी कधीच मेली होती.

किळस येणारच माणसाला. साबणाने तिचा हात दोनदा धुतला. जेवताना तिने तोंड फिरवलं ते फिरवलंच. बटाटे तसेच राहिले.

१४ जून

पैवीचा ओउलूहून फोन. तिचा चेहरा पडद्यावर दिसत होता, मागे तिच्या कार्यालयातली कपाटं. म्हणाली, मार्चमध्ये इस्पितळातून आईला आठवडाभर पाठवलं होतं त्या शुश्रूषा केंद्रात एक खोली मोकळी होतेय. सरोवराच्या बाजूची.

मी म्हटलं, उन्हाळाभर घरी ठेवायचं ठरलंय.

"बाबा, तू आरशात बघितलंयस का स्वतःला?"

उन्हात काम करतोय, म्हटलं. झाडांचं काही बोललो नाही. फोनही असा धरला की खिडकी दिसू नये. तेवढ्यात हेल्वीने डाव्या हाताने फोन आपल्याकडे ओढला आणि त्यात बघून बराच वेळ नको, नको, नको असं म्हणत राहिली, खालच्या आवाजात, समजावल्यासारखं. अधूनमधून माझ्याकडे मान वळवत होती. पैवी ऐकत होती आणि मान डोलावत होती, सगळं समजत असल्यासारखी.

मी म्हटलं, ऐकलंस ना? आईच नको म्हणतेय.

मध्य-उन्हाळ्याच्या सणाला येते, एवढंच पैवी म्हणाली.

१६ जून

एकही पान उरलेलं नाही. तिन्ही झाडं बुंध्यापासून शेंड्यापर्यंत जाळीत गुंडाळलेली, चकचकीत, ऐन उन्हाळ्यात बर्फ गोठल्यासारखी. खालचं बाकडंही जाळीत गेलं. भिंतीला टेकवलेली हेल्वीची सायकलही गेली, चाकांच्या काड्यांसकट. गवतावर चादर पसरलीय.

रस्त्याने जाणारे लोक थांबून फोटो काढतात. एक कुत्रेवाला मला म्हणाला, किती सुंदर दिसतंय. मी त्याला काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

हेल्वी सकाळपासून रात्रीपर्यंत तिकडे बघत असते. पडदा ओढला तर डाव्या हाताने पुन्हा बाजूला करते. माणूस स्वतःच्या जखमेला हात लावत राहतो, तसं असणार. पैवी येईल तेव्हा ही दशा दिसायला नको. हे बघून ती म्हणेल, बाबाला तीन झाडं सांभाळता येत नाहीत, तो आईला काय सांभाळणार?

१७ जून

बुंधे खरवडून काढायचे, मग फांद्या. मधल्या झाडाची अर्धी बाजू केली. सालही थोडी निघाली, पण त्याला इलाज नाही. उद्या मोठी शिडी काढतो.

२० जून

डाव्या हाताने लिहितोय, म्हणून अक्षर असं.

शिडी घसरली. गवतावर ती जाळी ओली होऊन निसरडी झाली होती. अळ्यांमुळेच. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं, बरगड्यांना मुका मार. मी गवतात पडलो होतो आणि वर खिडकीत हेल्वीचा चेहरा दिसत होता. ती बघत होती आणि मी बघत होतो, आणि दोघांनाही काही करता येत नव्हतं.

राकेलने इस्पितळात नेलं. वाटेत मी तिला म्हटलं, बरं झालं, मी पडल्यावर हेल्वी ओरडली आणि तुला ऐकू गेलं.

"पडल्यावर नाही," राकेल म्हणाली. "आधीच ओरडत होती. मी मागच्या बाजूला वाळत घालत होते. नको, नको, नको. मी कपडे टाकून धावले, तोवर तू पहिल्या पायरीवरून वर चढत होतास. मीही हाक मारली. वळलास का तू?"

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. खरवडणीचा आवाज होता. किंवा आलं असेल, पण तो शब्द ती दिवसभर म्हणते.

त्या रात्री राकेल हेल्वीपाशी झोपली. मी नको म्हणण्याच्या अवस्थेत नव्हतो.

२१ जून

पैवी ठरल्यापेक्षा आधीच, काल रात्री आली. आईला एकटीने उचलते, दोन हात काखेत घालून, एक वळण, की झालं. इस्पितळात शिकून घेतलं म्हणे. मी दर वेळी जोर लावून उचलायचो आणि हेल्वीच्या काखेत निळे डाग पडायचे. पैवीने ते बघितले.

आता आमच्या दोघांत मिळून दोन डावे हात. सणाचं जेवण म्हणून नवे बटाटे, खारवलेला हेरिंग मासा आणि शेपू. पैवीने आधी आईच्या ताटातलं कापलं, मग माझ्या ताटातलं. हेल्वी माझ्याकडे बघत होती. मी बटाटा टोचायला गेलो, तो निसटून तिच्या मांडीवर पडला. तिने तो उचलला आणि माझ्या तोंडापुढे धरला. मी इकडेतिकडे बघितलं आणि खाल्ला.

झाडांबद्दल पैवी म्हणाली, अगं बाई, लहानपणी एकदा अशीच झाली होती, आठवतं? आपण खाली तंबू केला होता. मला आठवत नाही. मी तेव्हा कामावर असणार.

२३ जून

जे झालं ते लिहून ठेवतो.

एलिना आज मुद्दाम आली, पैवीने बोलावलं होतं. टेबलावर दोन चित्रं ठेवली. एक आमच्या घराचा फोटो, एक केंद्राचा. पैवी आईसमोर गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, आई, बाबाचा हात बरा व्हायला शरद उजाडेल. तुला कुठे राहायचंय? कुणाला बरं वाटावं म्हणून नको सांगूस.

हेल्वीने केंद्राच्या फोटोवर बोट ठेवलं.

मी म्हटलं, तिला प्रश्न कळला नाही. तो फोटो तिच्या डाव्या हाताजवळ होता, म्हणून. एलिनाने चित्रांच्या जागा बदलल्या. पैवीने पुन्हा विचारलं. हेल्वीला हात छातीवरून पलीकडे न्यावा लागला. नेला, आणि त्याच फोटोवर ठेवला.

मी म्हटलं, तिथे भिंती निळ्या आहेत, तिला निळा रंग आवडतो.

"बाबा," पैवी म्हणाली. तेवढंच.

मग हेल्वीने तो फोटो उचलला, माझ्या मांडीवर ठेवला आणि तिचा हात माझ्या प्लास्टरवर आला. तिथेच राहिला. बोटांनी प्लास्टरच्या कडेशी चाचपत होती. आतून खाज सुटते का बघत असावी. मी म्हटलं, दुखत नाही गं फार.

एलिना खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. पैवीने नाक शिंकरलं.

मी आणखी एकदा म्हणून बघितलं, "हेल्वी, घरी राहायचंय ना?"

"नको," ती म्हणाली. आणि मला ते टाळायला जागा उरली नाही, कारण ती हसत होती, तोंडाची एकच बाजू वर जाते तसं, आणि माझा हात सोडत नव्हती.

२८ जून

नेलं. खोली चांगली आहे. सरोवर दिसतं. पैवीने आईचा निळा कोट खुंटीला लावला, पायमोजे खणात. मी तिथला नळ तपासला, ठिबकत नव्हता. मग करण्यासारखं काही उरलं नाही.

मी तिला म्हटलं, झाडं सावरली की घेऊन जाईन तुला.

पैवी ओउलूला गेली. संध्याकाळी मी दोन कप मांडले आणि एक परत ठेवला.

५ जुलै

अळ्या खाली उतरल्या. बुंध्याशी, जाळीच्या आत, कोष करून बसल्यात, बार्लीचे दाणे एकाला एक चिकटवून उभे करावेत तसे. सगळ्याच्या सगळ्या एका जागी, हाताच्या अंतरावर. महिनाभर मी त्यांच्यामागे फांद्यांवर फिरत होतो आणि आता त्या स्वतःहून माझ्या पायाशी आल्या होत्या.

खरवडणी डाव्या हातात घेऊन बराच वेळ उभा होतो. राकेल कुंपणापलीकडून बघत होती.

केलं नाही. डाव्या हाताने नीट जमलं नसतं.

१९ जुलै

पालवी फुटली. दोन झाडांना भरभरून, तिसऱ्याला, म्हणजे मी साल काढली त्या मधल्याला, एकाच बाजूने. जाळी पावसाने फाटून चिंध्यांसारखी लोंबतेय आणि तिच्यातून हिरवी पानं बाहेर आलीत. पांढरे, काळ्या ठिपक्यांचे इवले पतंग भिंतीवर बसलेत. तेच ते. पुढच्या वर्षीची तयारी करत असतील.

आनंद व्हायला हवा होता. राग आला. मी काही केलं नसतं तरी पानं आलीच असती. मी पंप लावला नसता, शिडी लावली नसती, तर पानं आली असती आणि हेल्वी इथे खिडकीत असती.

राकेलने वेलदोड्याचे पाव आणले. बाकड्यावरची जाळी आम्ही दोघांनी पुसली. तिने विचारलं, हेल्वी कशी आहे. वजन वाढलंय, म्हटलं. तू कसा आहेस, म्हणाली. पाव छान झालेत, म्हटलं.

२४ जुलै

आज केंद्रात नेहमीच्या वेळेआधी पोचलो. हेल्वीच्या खोलीत कुणी नव्हतं. मग कॉरिडॉरच्या टोकाकडून पेटीचे सूर आले, तिकडे गेलो.

मोठ्या खोलीत सगळे गोल करून बसले होते. एक मावशी पेटी वाजवत होती. सरोवरापलीकडून येणाऱ्या होडीचं जुनं गाणं, आमच्या लहानपणी नाचाच्या मंडपात वाजायचं ते. आणि त्या सगळ्या म्हाताऱ्या आवाजांतून एक आवाज मी ओळखला. दारातच थांबलो.

हेल्वी गात होती. नुसता सूर नव्हे, शब्द. होडी म्हणाली. वारा म्हणाली. घाट, संध्याकाळ, उशीर. एकामागून एक, अडखळल्याशिवाय, सगळे जागच्या जागी. जानेवारीपासून तिच्या तोंडून नको खेरीज मी काही ऐकलं नव्हतं. ते सगळे शब्द आत होते आणि मला वाटलं होतं, गेले.

एक परिचारिका माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. हळूच म्हणाली, अशा पेशंटांना बऱ्याचदा गाता येतं, बोलता आलं नाही तरी. मार्चमध्येही गात होत्या. तुम्हाला माहीत नव्हतं?

नव्हतं. मला गाता येत नाही. घरी गाणं लावायची वेळच आली नाही, सारखं काहीतरी चालू असायचं.

मी परत जाणार होतो. दाराचा कोपरा धरून उभा होतो आणि नाकातून पाणी येत होतं, अशा वेळी आत जाणं बरं नव्हे. पण हेल्वीने बघितलं. गाणं न थांबवता तिने शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर डावा हात थोपटला. गेलो, बसलो.

मला शब्द येत नव्हते. पहिली ओळ ठाऊक होती, तीही अर्धी. मी नुसतं तोंड हलवत होतो. तिच्या ते लक्षात आलं. ती माझ्याकडे वळली आणि प्रत्येक शब्द पेटीच्या जरासा आधी म्हणायला लागली, ओठ मोठे उघडून, लहान मुलाला घास भरवताना आपण स्वतःचं तोंड उघडतो तसं. ती म्हणायची, मागून मी म्हणायचो. बाकीचे पुढे निघून गेले. दुसऱ्या कडव्यात मी चुकलो. पेटी थांबली नाही, पण हेल्वी थांबली, आणि तेवढीच ओळ तिने माझ्यासाठी पुन्हा म्हटली.